सही एकाची, हात दुसऱ्याचा

मार्चअखेर जवळ आला की सरकारी कचेऱ्यांतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. अनुदान परत जाऊ नये म्हणून देयकांचे ढीग उपसले जातात, त्रुटी काढल्या जातात, त्या घाईघाईने पुऱ्या केल्या जातात. आणि नेमके त्याच वेळी साहेब बैठकीसाठी मुंबईला गेलेले असतात. काम मात्र अडत नाही. टेबलाच्या खणातून अंगठ्याएवढे एक डोंगल बाहेर येते, ते संगणकाला जोडले जाते, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेला पिन टाकला जातो आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या साहेबांची डिजिटल स्वाक्षरी देयकावर उमटते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. साहेबांनीच तसे सांगितलेले असते; कारकुनाने आज्ञा पाळलेली असते; पैसेही योग्य माणसालाच मिळालेले असतात.

हा प्रकार सरकारी कचेरीपुरताच मर्यादित आहे, असे समजण्याचे कारण नाही. खासगी कंपन्यांच्या संचालकांची डोंगले त्यांच्या हिशेबनिसांच्या कपाटात नावाच्या चिठ्ठ्या लावून ओळीने ठेवलेली असतात. अनेक ग्रामपंचायतींत सरपंचांचे डोंगल संगणक चालविणाऱ्याकडे असते आणि सरपंच महिला असेल, तर पुष्कळदा ते तिच्या पतीच्या खिशात असते. शिक्षणसंस्था आणि सहकारी पतपेढ्या यांतही याहून निराळे चित्र क्वचितच दिसते. या साऱ्या व्यवहाराला ‘अधिकार सोपविणे’ असे सोज्ज्वळ नाव दिले जाते. वस्तुतः अधिकार सोपविणे आणि आपली ओळखच दुसऱ्याच्या हाती देणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते अंतर पुसले गेल्यामुळे उद्या कोणत्या स्वाक्षरीचा जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न दिवसेंदिवस अधिक बिकट होत जाणार आहे.

‘करिता’ या शब्दाचे मोल

कागदाच्या युगात हा भेद नीट सांभाळला जात होता. वरिष्ठ गैरहजर असताना त्यांच्या वतीने कनिष्ठ अधिकारी पत्रावर सही करतो, तेव्हा तो वरिष्ठांच्या सहीची नक्कल करीत नाही. तो स्वतःची सही करतो आणि पदनामाजवळ ‘करिता’ असे लिहितो. त्या एका शब्दात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात: अधिकार कोणाचा आहे आणि तो प्रत्यक्ष कोणी वापरला. पुढे वाद निघालाच, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. अशी सही करण्याचा अधिकार याला दिला होता काय, आणि दिला असल्यास त्याने तो मर्यादेत राहून वापरला काय?

कोषागारातील नमुना स्वाक्षरीची पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे. नवा आहरण व संवितरण अधिकारी रुजू झाला की त्याच्या सहीचा नमुना कोषागाराकडे जातो आणि ज्याची सही कोषागाराला आधीच ठाऊक आहे असा अधिकारी तो साक्षांकित करतो. ओळखीच्या सहीने अनोळखी सहीविषयी दिलेली ही ग्वाही होय. कोणाला किती रकमेपर्यंत कोणता खर्च मंजूर करता येईल, हे राज्य शासनाच्या १९७८ च्या वित्तीय अधिकार नियमपुस्तिकेत बारकाईने ठरवून दिलेले आहे. अधिकार खाली देता येतो, परंतु मोजून आणि नाव घालून, असा या सर्वांचा इत्यर्थ.

मराठी राज्यकारभाराला तर ही दृष्टी फार पूर्वीपासून परिचित आहे. छत्रपती शाहूंच्या काळात पेशव्यांच्या शिक्क्यात आधी राजा शाहूंचे नाव येई आणि मागाहून मुख्य प्रधान म्हणून पेशव्याचे स्वतःचे. राजाचा शिक्का पेशव्याने खिशात घालून वापरावा अशी ती व्यवस्था नव्हती. पेशव्याचा शिक्का निराळा होता आणि आपला अधिकार कोठून आला हे तो शिक्का स्वतःच सांगत होता. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी उमटणारे मोर्तब ‘मर्यादेयं विराजते’ या शब्दांचे होते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा त्याचा हेतू. कोणाच्या अधिकाराने, कोणाच्या हाताने आणि कोठवर, हे तिन्ही प्रश्न त्या काळीही दप्तराला पडत होते व त्यांची उत्तरे कागदावरच मिळत होती.

यंत्राला माणूस दिसत नाही

डिजिटल स्वाक्षरीने यांपैकी एक प्रश्न अपूर्व रीतीने सोडविला आणि दुसरा नकळत अधिक अवघड करून ठेवला. अमेरिकेतील डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व अॅडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारी गणिती रीत शोधून काढली. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात: एक खासगी, दुसरी जाहीर. दस्तऐवजाचा एक ठरावीक लांबीचा गणिती गोषवारा काढला जातो आणि त्यावर खासगी किल्लीने प्रक्रिया करून स्वाक्षरी सिद्ध होते. ती खरी की खोटी, हे जाहीर किल्लीच्या साहाय्याने कोणालाही पडताळता येते. मजकुरातील एक शून्य जरी वाढविले, तरी गोषवारा बदलतो आणि स्वाक्षरी जुळेनाशी होते. जुन्या मोर्तबाचे काम गणिताने इतक्या चोखपणे यापूर्वी कधीच केले नव्हते.

परंतु ही पडताळणी किल्लीची असते, हाताची नसते. कागदावरील सही पाहून हस्ताक्षरतज्ज्ञ निदान संशय तरी घेऊ शकतो. साहेबांनी केलेली डिजिटल स्वाक्षरी आणि साहेबांच्या डोंगलने कारकुनाने केलेली डिजिटल स्वाक्षरी यांत मात्र तज्ज्ञालाच काय, साक्षात गणितालाही फरक सांगता येणार नाही. खासगी किल्ली बाहेर काढता येऊ नये, तिची नक्कल होऊ नये, म्हणून ती डोंगलच्या आत बंदिस्त करण्याची काळजी घेतलेली असते. ज्या किल्लीची चोरी होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, ती पिनासकट आपण होऊन दुसऱ्याच्या हाती ठेवली जाते, याला काय म्हणावे?

आपला कायदा या बाबतीत मुग्ध नाही. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ ने खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची आणि ती उघड होऊ न देण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे. मूळ कलमात ‘स्वाक्षरी उमटविण्याचा अधिकार नसलेल्या व्यक्तीला’ ती उघड होऊ नये, असे शब्द होते. म्हणजे अधिकार दिलेल्या व्यक्तीपुरती एक फट होती. पुढे ते शब्द गाळण्यात आले आणि फट बुजविण्यात आली. किल्लीची गुप्तता भंगल्यास विनाविलंब प्रमाणन प्राधिकाऱ्याला कळविले पाहिजे आणि तसे कळवीपर्यंतची जबाबदारी धारकाचीच राहील, असेही तेच कलम सांगते. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी ही ज्याची आहे त्यानेच मान्यतेच्या हेतूने केली, असे गृहीत धरण्याची तरतूद पुराव्याच्या जुन्या कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे.

या तरतुदींचा व्यवहारातील अर्थ भयानक आहे. डोंगल देणाऱ्या अधिकाऱ्याने जे पाहिलेही नाही, ते त्याने मान्य केले असे गृहीत धरले जाते. उलट, ज्याने तोंडी आज्ञेवरून बटण दाबले, त्या कारकुनाची स्थिती त्याहून वाईट असते. साहेबांनी ‘मी सांगितलेच नव्हते’ असे म्हटले की दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरल्याचा आरोप त्याच्यावर येऊ शकतो आणि कलम ६६-क नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आज्ञा तोंडी, पिन तोंडी, मग बचावाचा पुरावा कोठून आणावयाचा? प्रामाणिक माणूस दोन्ही बाजूंनी उघडा पडतो आणि लबाड माणसाला मात्र ‘ते डोंगल तर सगळ्यांच्याच हाती होते’ अशी सबब आयती मिळते.

सोय आज, किंमत उद्या

एवढा धोका असूनही ही प्रथा का फोफावते? माणसे बेजबाबदार आहेत, हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही. अर्थशास्त्रात धनी आणि मुनीम यांच्या संबंधांचा जो प्रश्न चर्चिला जातो, त्याचाच हा एक नमुना आहे. देयक अडले तर होणारा त्रास नक्की असतो, तो आजच होतो आणि त्याबद्दलचा ठपका थेट अधिकाऱ्यावर येतो. डोंगल दिल्याने होणारी अफरातफर ही केवळ शक्यता असते, ती केव्हातरी उद्या घडावयाची असते आणि तिची झळ बहुधा सरकारी तिजोरीला, गावाला किंवा ठेवीदारांना बसते. सोय एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, अशी वाटणी झाली की शहाणी माणसेही सोयीकडेच झुकतात. ‘डोंगल कोणाकडेही देऊ नये’ अशी कितीही परिपत्रके काढली, तरी ती नस्तीत लागतात आणि डोंगल खणातच राहते. कारण त्या परिपत्रकात, साहेब दौऱ्यावर असताना काम कसे करावयाचे, याचे उत्तर नसते.

ग्रामपंचायतींच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. वित्त आयोगाच्या निधीतील रक्कम ई-ग्रामस्वराज प्रणालीतून अदा करताना दोन डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात: एकाने देयक तयार करावयाचे, दुसऱ्याने ते तपासून मंजूर करावयाचे. एकाची चूक किंवा लबाडी दुसऱ्याच्या नजरेस यावी, हा त्यामागील विचार अगदी रास्त आहे. पण दोन्ही डोंगले एकाच माणसाच्या हाती आली, की दोन स्वाक्षऱ्यांची अट नाममात्र उरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना पंचायतीत स्थान दिले, महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्म्यापर्यंत नेले. आणि ज्या स्वाक्षरीतून ही सत्ता व्यक्त व्हावयाची, ती मात्र दुसऱ्याच कोणाच्या बोटांनी उमटत राहिली! पूर्वी निदान कोऱ्या धनादेशावर तरी सरपंचबाईंची सही घ्यावी लागे. आता त्यांना विचारण्याचीही गरज उरत नाही.

विज्ञानाने दाखविलेली वाट

आश्चर्याची गोष्ट ही, की या प्रश्नाचे उत्तर शास्त्राकडे कितीतरी वर्षांपासून तयार आहे. मांबो, उसुदा आणि ओकामोतो या जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये प्रतिनिधीच्या स्वाक्षरीचा विचार करताना अधिकार देण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला, आपली खासगी किल्लीच देऊन टाकणे. यात मूळ मालक आणि प्रतिनिधी यांच्या स्वाक्षरीत भेदच राहत नाही. दुसरा, मूळ किल्लीपासून एक नवी किल्ली घडवून देणे; तिच्यावरून मूळ किल्ली शोधून काढता येत नाही आणि तिने केलेली स्वाक्षरी निराळी ओळखू येते. तिसरा, आपल्या स्वाक्षरीने एक अधिकारपत्र लिहून देणे. आपल्या कचेऱ्यांनी यांतील नेमका पहिला, सर्वांत घातक प्रकार उचलला आहे.

तिसरा प्रकार आपल्या परंपरेला सर्वांत जवळचा आहे. तो थोडक्यात असा: प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि स्वतःचे डोंगल. अधिकाऱ्याने आपल्या डिजिटल स्वाक्षरीने एक छोटे अधिकारपत्र तयार करावयाचे. त्यात प्रतिनिधीचे नाव, कामाचा प्रकार, रकमेची मर्यादा, आरंभाची व अखेरची तारीख आणि हा अधिकार त्याला पुढे कोणाला देता येईल किंवा नाही, एवढे लिहिलेले असावे. प्रतिनिधीने देयकावर स्वतःची स्वाक्षरी करावयाची आणि तिला हे अधिकारपत्र जोडावयाचे. पडताळणी करणाऱ्या संगणकाने मग तीन गोष्टी तपासावयाच्या: स्वाक्षरी प्रतिनिधीची आहे काय, अधिकारपत्रावरील स्वाक्षरी अधिकाऱ्याची आहे काय, आणि हे काम त्या अधिकारपत्राच्या चौकटीत बसते काय. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच देयक पुढे जाईल. डिजिटल जगातील ‘करिता’ तो हाच.

किंबहुना, डिजिटल स्वाक्षरीची सारी इमारतच अशा साखळीवर उभी आहे. केंद्र सरकारचा प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक परवानाधारक प्राधिकाऱ्यांची किल्ली प्रमाणित करतो, ते प्राधिकारी व्यक्तीची किल्ली प्रमाणित करतात. दिल्लीपासून निघालेली ही साखळी व्यक्तीपर्यंत येते आणि तेथे तुटते. व्यक्तीकडून तिच्या प्रतिनिधीपर्यंतची शेवटची कडी घालण्याची सोय बहुतेक कार्यप्रणालींत नाही. एका कामासाठी एकच नोंदलेली स्वाक्षरी त्या ओळखतात. खणातील डोंगलाचा जन्म या उणिवेतून झाला आहे.

मोठ्या प्रमाणावर हे कसे साधते, याचे एक उदाहरण इंटरनेटच्याच मुळाशी सापडते. संकेतस्थळांच्या नावांची जी सर्वोच्च यादी आहे, तिच्यावर जुलै २०१० पासून डिजिटल स्वाक्षरी असते. तिची महाकिल्ली अमेरिकेतील दोन सुरक्षित केंद्रांत जाळ्यापासून तोडून ठेवलेली आहे. प्रत्येक केंद्रासाठी निरनिराळ्या देशांतून निवडलेले सात विश्वस्त असून त्यांपैकी किमान तिघे हजर असल्याखेरीज ती वापरता येत नाही. साधारणपणे वर्षातून चार वेळा, सर्वांदेखत, ती बाहेर निघते आणि पुढच्या तिमाहीत वापरावयाच्या धाकट्या किल्ल्यांवर मुदतबंद स्वाक्षरी करून पुन्हा कपाटात जाते. रोजचे काम दुसरी संस्था या धाकट्या किल्लीने करते. महाकिल्ली तिच्या हाती कधीच पडत नाही. थोरलीने धाकटीला मोजून अधिकार द्यावयाचा आणि मुदत संपली की तो आपोआप लयाला जावयाचा, असा हा क्रम आहे.

मर्यादा कागदावर लिहून मात्र भागत नाही. ती यंत्रणेने स्वतः तपासली पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेले पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण हा त्याचा दाहक धडा आहे. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना हमीपत्रांचे संदेश जात राहिले, पण संदेश पाठविणारी यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेली नसल्यामुळे त्यांची नोंद तेथे झालीच नाही. नुकसानीचा आकडा तेरा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. अधिकाराच्या मर्यादा त्या बँकेतही लिहिलेल्या असणारच. संदेश निघताना त्या तपासणारे तेथे कोणी नव्हते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या सूचनेवर काही आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. प्रत्येकाला स्वतंत्र प्रमाणपत्र देणे परवडेल काय? एका प्रमाणपत्राचा व डोंगलचा खर्च काही हजार रुपयांपलीकडे जात नाही. ज्या कचेरीतून वर्षाला कोट्यवधींची देयके निघतात, तेथे ही बचत म्हणजे तिजोरीला कुलूप न घेता वाचविलेले पैसे होत. दुसरा आक्षेप असा, की यामुळे अधिकाऱ्यांना जबाबदारी झटकण्याची संधी मिळेल. वास्तविक अधिकार दिल्याने जबाबदारी संपत नाही. कोणाला, कशासाठी, किती रकमेपुरता अधिकार दिला, या निवडीचा जाब अधिकाऱ्याला द्यावाच लागेल, आणि आज जे तोंडी असते ते उद्या त्याच्याच स्वाक्षरीनिशी नोंदलेले असेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिलेला अधिकार मध्येच काढून घ्यावा लागला तर? यासाठी रद्द केलेल्या अधिकारपत्रांची यादी तत्काळ अद्ययावत झाली पाहिजे आणि प्रत्येक स्वाक्षरीवर विश्वासार्ह वेळेचा शिक्का पडला पाहिजे. स्वाक्षरी अधिकार रद्द होण्याच्या आधीची की नंतरची, हे प्रतिनिधीच्या संगणकातील घड्याळावर सोडता येणार नाही. ते घड्याळ कोणालाही मागे सारता येते. मोठ्या रकमांच्या बाबतीत एकट्या माणसावर भिस्त ठेवण्याचेही कारण नाही. एखादे रहस्य पाचजणांत अशा रीतीने वाटावे की कोणतेही तिघे एकत्र आल्यावाचून ते उलगडू नये, याची रीत शमीर यांनी १९७९ मध्येच दाखवून दिली आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात हे ज्याला पटते, त्याला हे पटण्यास अडचण पडू नये.

या सर्व उपायांनाही एक मर्यादा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दोघांनी संगनमत केले, तर गणित ते रोखू शकत नाही. सरपंचबाईंच्या शेजारी बसून कोणी ‘दाब बटण’ म्हणून दरडावत असेल, तर कोणतीही किल्ली त्यांना धीर देऊ शकणार नाही. परंतु त्यांचे डोंगल त्यांच्याच हाती राहिले, तर निदान प्रत्येक वेळी त्यांना विचारावे लागेल. विचारावे लागणे, ही लहान गोष्ट नव्हे. नकाराची पहिली संधी तेथूनच सुरू होते.

तेव्हा करावयाचे काय, हे पुरेसे स्पष्ट आहे. शासनाच्या प्रत्येक कार्यप्रणालीत अधिकारप्रदानाची रीतसर सोय असली पाहिजे आणि ती डोंगल देण्याइतकीच सोपी असली पाहिजे. वित्तीय अधिकार नियमपुस्तिकेतील मर्यादा संगणकाला तपासता येतील अशा स्वरूपात उतरविल्या पाहिजेत. दिलेल्या अधिकारपत्रांची नोंदवही लेखापरीक्षकांना खुली असली पाहिजे. आणि हे होईतो, दुसऱ्याचे डोंगल वापरण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला लेखी संरक्षण मिळाले पाहिजे. कारण आज तसा नकार देणारा कारकून ‘अडवणूक करणारा’ ठरतो आणि होकार देणारा केव्हातरी आरोपी ठरतो.

अधिकार वाटल्याशिवाय कोणतेही राज्य, कोणतीही संस्था चालत नाही. पेशव्यांनी शाहूंच्या वतीने कारभार केला, तो शाहूंचे नाव आपल्या शिक्क्यावर आधी कोरून. ज्याच्या बोटाने बटण दाबले जाते, त्याचे स्वतःचे नाव आणि ज्याच्या अधिकाराने ते दाबले जाते, त्याचेही नाव देयकावर उमटावे, एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या मार्चअखेरीला साहेब मुंबईला गेले, तरी कारकुनाला खणातील परकी सही शोधावी लागू नये. आपल्याच सहीने, ताठ मानेने त्याला दिवा मालवून घरी जाता यावे.